आमच्यात कुणी तंबाखू खात नाही

आई, तुला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. तू होतीस तेव्हा लिहून उपयोग नव्हता, तुला वाचता येत नव्हतं. कुणाकडून तरी वाचून घेतलं असतंस नि संध्याकाळपर्यंत आपल्या घरातली गोष्ट साऱ्या वाडीत झाली असती. आता तू नाहीस, म्हणून मला धीर होतोय. दुपार आहे, मशीनवर दोन ब्लाउज अर्धे पडलेत, तुझी नात शाळेत गेलीय आणि तिचे वडील मुंबईला असतात ते गणपतीशिवाय येत नाहीत. ती घरी यायच्या आत मला लिहून संपवायचं आहे.

तू गेलीस तेव्हा ती दीड वर्षाची होती. तिचा रडण्याचा आवाज ऐकून तू म्हणाली होतीस, "ही तुझ्यावर गेली नाय गो, माझ्यावर गेली. ही गाव गाजवणार." गाजवतेय बघ. नववीत आहे. शाळेतली सात-आठ मुलं-मुली मिळून तंबाखूच्या मागे लागलीयत, आणि त्यांची पुढारीण ही. शाळेच्या फाटकापासून शंभर यार्ड मोजून रस्त्यावर पिवळी रेघ मारली त्यांनी, स्वतः ब्रश घेऊन. रेघेच्या आतल्या टपरीवाल्याला ही बया सांगते, "काका, रेघ आम्ही मारलीय, आता टपरी तुम्ही हलवा." तो आधी हसला, मग शिव्या दिल्या, पंधरा दिवसांनी टपरी हलवली. गुटख्याच्या पुड्या, सिगरेटी, शहरातून पोरं आणतात ती वाफेची पेनं, कशालाच सोडत नाहीत. कुणाच्या तरी बारशाला एका म्हाताऱ्या गृहस्थांनी खिशातून पुडी काढली, तर हिनं त्यांच्यापुढे हात पसरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी मात्र मुकाट्यानं पुडी तिच्या हातावर ठेवली.

गेल्या रविवारी ही पलटण घरोघर निघाली. हातात वही, पिशवीत स्टिकर. म्हणे स्वतःच्या घरापासून सुरुवात करायची. मैत्रिणींना घेऊन माझ्याच दारात उभी राहिली आणि तोंड अगदी गंभीर करून म्हणाली, "काकू, तुमच्या घरात कुणी तंबाखू खातं का?" पोरी खुदुखुदु हसल्या. मीही हसले, आणि म्हटलं, "नाही हो बाई, आमच्यात कुणी तंबाखू खात नाही." आई, ते वाक्य माझं नव्हतं. शब्द न् शब्द तुझा. आवाजसुद्धा तुझा निघाला, तोच ठसका, शेवटचा तोच हेल. पोरींनी दाराच्या चौकटीवर 'तंबाखूमुक्त घर' असं स्टिकर चिकटवलं, पाणी प्यायल्या, पुढच्या घरी गेल्या. तुझी पितळी डबी तेव्हा तांदळाच्या पिंपामागे होती.

तुला ती सकाळ आठवते का? मी दहाएक वर्षांची असेन. दाढ ठणकतेय, गाल सुजलाय, मी चुलीपाशी बसून रडतेय. तू तव्यावर तंबाखूची पानं भाजत असतेस. पानं काळी होईपर्यंत परतायची, तळहातांवर चुरायची, फडक्यातून गाळायची, झाली मशेरी. घरभर तो कडवट जळका वास, डोळ्यांना झोंबणारा. तू म्हणतेस, "रडतंस कशाला गो? ये हिकडं. आ कर." काजूच्या कारखान्यात चिकानं काळं पडलेलं तुझं बोट माझ्या तोंडात जातं आणि दाढेवर फिरतं. मला भोवळ येते. सगळं घर गोल फिरतं, मी तुझ्या मांडीवर आडवी होते, आणि उठते तेव्हा ठणका थांबलेला असतो. "बघ, कीड मेली," तू म्हणतेस. दुसऱ्या दिवशी दाढ दुखत नव्हती तरी मी तुझ्यापुढे आ केला. तू हसलीस आणि बोट फिरवलंस. तुझा एवढा मऊ हात मला एरवी मिळायचा नाही. तू सकाळी आठला कारखान्यात जायचीस ती दिवे लागताना यायचीस, आणि आल्यावर तुझ्यात बोलायचंही त्राण नसायचं.

तुझ्या त्या कारखान्यात मी सुट्टीत डबा घेऊन यायचे. तुम्ही बायका ओळीनं बसून काजू फोडत असायच्यात. मुकादम चहाला सोडायला कुरकुरायचा, पण "दात घासून येतो" म्हटलं की काही बोलायचा नाही. मग तुम्ही चार-पाच जणी मागच्या फणसाखाली उकिडव्या बसून तोंडात बोट घालायच्यात. तेवढीच तुमची विश्रांती. भूकसुद्धा मारते ती मेली, हे तूच एकदा बोलून गेली होतीस. आणि त्याच फणसाखाली तू मला कानफटात दिलीस. शेजारच्या काकांचं बघून मी एकदा तंबाखू-चुना मळून बघितला होता, कुणीतरी चुगली केली. "बायकांच्या जातीनं तंबाखू खायची? लाज नाय वाटत?" असं ओरडत होतीस तेव्हा तुझ्या ओठाच्या कडेला मशेरी लागलेली होती. मला त्यात काही विचित्र वाटलं नाही. तुलाही नाही. तंबाखू पुरुष खातात, मशेरीनं दात घासतात. दोन वेगळ्या गोष्टी होत्या आपल्याला.

लग्नात सगळ्यांनी भांडी दिली. मी सासरी, पालीला, निघाले तेव्हा तू गर्दीतून बाजूला घेऊन माझ्या मुठीत ही डबी कोंबलीस, तुझी स्वतःची, काठोकाठ भरून. म्हणालीस, "सासरी कुणाकडं मागायला लागायला नको." त्या दिवशी मी खरी रडले ती त्या डबीवर.

मग तुझ्या गालात आतून ते फोड आले. रत्नागिरीला आपण दोघीच गेलो, मी माहेरी आले होते म्हणून. डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं, आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तंबाखू खाता का?" तू जवळजवळ रागावलीस. "मी काय तंबाखू खाते काय वो? आमच्यात कोण खात नाय." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "नाही डॉक्टर." त्यांनी गोळ्या दिल्या, तिखट बंद करायला सांगितलं, पंधरा दिवसांनी या म्हणाले. आपण गेलोच नाही. आंब्याचा हंगाम होता, मग लावणी, मग गणपती. गोळ्या संपल्यावर दुकानातून आणून त्याच घेत राहिलीस. दिवाळीनंतर तुला तोंड उघडता येईना तेव्हा कोल्हापूरला नेलं. तिथं एक तरुण डॉक्टरीण होती, माझ्याहून लहान. तिनं खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, "आजी, दात कशानं घासता?" आणि तू, तोंड उघडत नव्हतं तरी, मोठ्या अभिमानानं सांगितलंस, "मशेरीनं." तिनं पेन खाली ठेवलं. तुझ्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं. ती नजर अजून माझ्या घरात आहे, आई.

कारण तुला खरंच ठाऊक नव्हतं, पण मला होतं. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी विचारलं त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर तवा आला होता. बाजारातून पानं मीच आणायचे तुला, कागदात बांधून, पुड्यावर तंबाखूच लिहिलेलं असायचं. तरी मी नाही म्हटलं. खरं बोलले असते तर त्यांनी मला विचारलं असतं, "आणि तुम्ही?" डबी माझ्या पर्समध्ये होती. त्या एका 'नाही'पायी सात महिने गेले.

तुझ्यानंतर सोडेन म्हटलं. चार दिवस सोडली, डोकं फुटायची वेळ आली, आणि पाचव्या दिवशी तुझाच तवा चुलीवर ठेवला. पोर पाच-सहा वर्षांची झाल्यावर विचारायला लागली, "आई, घरात कसला वास येतो गो?" मी काय सांगितलं असेल? म्हटलं, "आजी येऊन गेली असेल." खरं मानलं पोरीनं. कोपऱ्याकडे बघून हात जोडायची, वासाच्या दिवशी तुझ्यासाठी पेल्यात पाणी ठेवायची. तुला भूत करून ठेवलं मी माझ्या घरात, माझी सवय झाकायला. आणि आता खरंच तू येतेस. मी रिकामा तवा तापवला तरी तो वास येतो. आरशात दात बघायला जाते तर तुझ्यासारखा वाकडा झालेला जबडा दिसतो. शिमग्यापासून माझ्याही गालात आतून, डाव्या बाजूला, जिभेला काहीतरी खरखरीत लागतं. पांढरा डाग आहे. तुझ्या त्याच जागी.

बुधवारी दारावरचं स्टिकर दिसलं नाही. मला वाटलं दमटपणानं गळलं. संध्याकाळी मी मशीनवर बसले होते, ती समोर येऊन बसली, नवीन वही घेऊन. म्हणाली, "सगळ्या वाडीत एकाही बाईनं हो म्हटलं नाही. प्रश्नच चुकला आमचा. आता आम्ही तंबाखू खाता का असं विचारणार नाही, दात कशानं घासता असं विचारणार." कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंची गोष्ट मीच तिला सांगितली होती, स्वतःला त्यातून वगळून. मी शिवण बघत राहिले. मग ती हळू म्हणाली, "आई, आजी मी शाळेत असतानाच कशी गो येते? रविवारी कधीच येत नाही." मी मशीनची सुई ओवायला घेतली. ती म्हणाली, "स्टिकर मी काढलं. वहीतली पहिली ओळ आपली आहे, ती रिकामी ठेवलीय. तू सांगशील तेव्हा भरू." ना आवाज चढवला, ना रडली. तू असतीस तर थोबाडीत दिली असतीस, ते परवडलं असतं.

काल ती शाळेत गेल्यावर मी वही उघडली. पहिल्या रकान्यात लिहिलं, मशेरी. दुसऱ्यात, पस्तीसेक वर्षं. तिसऱ्यात, तोंडात काही त्रास? लिहिलं, हो, पांढरा डाग. चौथा रकाना होता, सवय कुणी लावली? तुझं काळं बोट दिसत होतं, तुझी मांडी दिसत होती. शेवटी लिहिलं, दाढ दुखत होती. एवढंच. तुझं नाव मी लिहिलं नाही आई, लिहिणारही नाही.

संध्याकाळी तिनं वाचलं. वाचता वाचता तिचा चेहरा एवढासा झाला, गाव गाजवणारी पोर माझ्या कुशीत शिरून हमसाहमशी रडली. "मला आई पायजे, दुसरं काय नको," म्हणाली. मग डोळे पुसले आणि हात पुढे केला, त्या बारशातल्यासारखाच. मी डबी तिच्या हातावर ठेवली. तिनं ती परसात रिकामी केली, चिंच लावून घासली, उन्हात ठेवलीय, इथून चमकताना दिसते. उद्या सकाळच्या एसटीनं आम्ही दोघी रत्नागिरीला जाणार आहोत. "डॉक्टरांनी विचारलं की तू सांगायचं," म्हणाली, "आणि तू गप्प बसलीस तर मी सांगणार."

हा कागद मी शिलाईच्या खणात, जुन्या नमुन्यांखाली घालून ठेवते. आणि एक राहिलं. डबी तिला देण्याआधी मी पाठ फिरवून एक चिमूट काढून घेतली होती. उद्या न्यायच्या पर्समधल्या रुमालाच्या टोकाला गाठ मारून ठेवलीय. पोरीला ठाऊक नाही. तुला सांगते, कारण आता तू कुणाला सांगायची नाहीस.