धूळ मोजणाऱ्या यंत्राला मी शिवलेली खोळ

मी, खाली सही करणारी, वय एकोणसत्तर, महापालिकेच्या हवा तपासणी खात्यातून निवृत्त झालेली मदतनीस, हे मृत्युपत्र स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण वैतागून लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. उजव्या फुप्फुसात कर्करोगाची गाठ आहे, पण डोके शाबूत आहे.

आधी एक नोंदवते, कारण मागून लोक काहीबाही बोलतील. मी जन्मात विडी-सिगारेट ओढलेली नाही. दवाखान्यात तिघांनी तीन वेगळ्या दिवशी विचारले, "आजी, दिवसाला किती?" तिसऱ्याला म्हटले, "बाबा रे, माझ्या चौकात येऊन तासभर उभा राहा, मग विचार."

१. घर. चौकावरचे पहिल्या मजल्यावरचे माझे घर लेकीला मिळावे, पण तिने ते सहा महिन्यांत विकून हमरस्त्यापासून लांब घर घ्यावे, या अटीवर. ती सहजासहजी ऐकायची नाही. विषय काढला की म्हणते, "आई, तूच ना ते स्वच्छ हवेचं प्रमाणपत्र दाखवून आम्हाला इथे बोलावलंस? आता तूच कशी उलटतेस?" इकडे सात वर्षांची नात हिवाळाभर खोकते आणि शाळेत पळायच्या तासाला बाकावर बसून राहते. म्हणून ते प्रमाणपत्र कसे मिळाले, हे लिहिणे भाग आहे.

चौकातल्या शाळेच्या गच्चीवर हवेतली धूळ मोजायचे नवे यंत्र बसवले, तेव्हा साहेब म्हणाले, "महागाचं आहे बाई, धूळ लागता कामा नये." मी कामाची पक्की. घरी येऊन जुन्या चादरीची दुहेरी खोळ शिवली, नाडी ओवली आणि यंत्राला घातली. यंत्र हवा ओढून धूळ ज्यावर धरते, तो आतला गाळणीचा कागद रोज काढून तोलायचा असे. तो इतका पांढरा निघायचा की मला अभिमान वाटायचा! दर शनिवारी खोळ धुतली की बादलीतले पाणी काळेकुट्ट व्हायचे आणि मी म्हणायचे, चला, यंत्र वाचले. असे सव्वादोन वर्षे चालले. मग एकदा खोळ वाळली नाही म्हणून यंत्र तसेच चालवले, तर कागद तव्याच्या बुडासारखा निघाला.

साहेबांकडे धावत गेले. ते म्हणाले, "अहवाल छापून झाला, चौकाला प्रमाणपत्र मिळालं. आता गप्प बसा." मी बसले. साहेबांचा राग येतोच, पण त्या गप्प बसण्याबद्दल माझा मला जास्त येतो. लेकीलासुद्धा हे आज कळते आहे.

अट पाळली नाही, तर घर माझ्या नणंदेला जाईल. होय, तिलाच, जिच्याशी मी बावीस वर्षे बोललेली नाही. लेकीलाही ही आत्या डोळ्यासमोर नको असते, म्हणून मला आशा आहे.

२. बँकेतली सगळी ठेव घर बदलण्यासाठी वापरावी. जावईबापूंनी त्यातून दुसरी गाडी घेऊ नये. आहे ती पुरे झाली.

३. शिवणयंत्र खालच्या पंक्चरवाल्याच्या बायकोला द्यावे. तिचा हात बरा आहे आणि शिवण्याआधी ती चार प्रश्न विचारते.

४. यंत्रावरून शेवटची उतरवलेली खोळ तशीच काळी कपाटात आहे. ती न धुता साहेबांच्या घरी पोचवावी. चिठ्ठी नको.

५. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. मी हे आज संध्याकाळी लेकीच्या हातात देणार आहे. बाई गं, माझ्या मरणाची वाट बघत बसू नकोस. डॉक्टर कधी चार महिने म्हणतात, कधी वर्ष, आणि तेवढे दिवस ती पोर याच चौकावरच्या खिडकीखाली झोपेल. उद्या शाळेतून तिचा दाखला काढ आणि सामान बांधायला घे. मला भेटायला रविवारी ये, एकटीच ये. तिला आणू नकोस.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार: १. छातीचे डॉक्टर (सही) २. खालचा पंक्चरवाला (सही)

ठिकाण: चौकावरचे घर, मागची खोली
दिनांक: ११ डिसेंबर