दीड सेकंदाचा डबा

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार समजून घ्यावा (खरा घालता येत नाही, पोटाला लागलेला लाल रंग अजून ओला आहे). तुमचा गुडघा आणि मामींची झोप ठीक असेल, असं धरून चालतो. मी मजेत आहे. ही माझी नववी नोकरी. तुमच्या शब्दावर तुमच्या वर्गमित्राने, म्हणजे पेंटरकाकांनी, मला ठेवून घेतलं, हे मी विसरलेलो नाही. ते विसरण्याआधीच हे पत्र लिहितो आहे.

आज, मंगळवारी, चष्म्याच्या दुकानाची पाटी रंगवत होतो. काकांची एक रीत आहे. एकदा अक्षराला हात घातला की ते पुरं होईपर्यंत परांचीवरून उतरायचं नाही, कारण मध्ये थांबलं की रंगाचा सांधा दिसतो. अक्षर अर्धं झालं आणि लाल रंग संपला. नवा डबा खाली माझ्याकडे. (दुकानदार फार सज्जन, त्याने मला फुकट डोळे तपासून दिले. डोळे उत्तम आहेत. ते एक असो.) काका म्हणाले, फेक. मी म्हटलं, असा कसा फेकू, थोडं गणित करू.

त्यांचे हात माझ्या हातांपासून पावणेचार मीटरवर. माझा फेकायचा वेग अंदाजाने सेकंदाला दहा मीटर. तुम्ही शिकवल्याप्रमाणे वर्गसमीकरण मांडलं: पाच टी वर्ग वजा दहा टी अधिक पावणेचार बरोबर शून्य. उत्तरं दोन निघाली, अर्धा सेकंद आणि दीड सेकंद. उणे आलेलं उत्तर खोडायचं, एवढं मला पक्कं आठवत होतं. इथे उणे कोणीच नव्हतं. (पुढचा भाग तुम्ही शिकवलात त्या दिवशी मी विटांच्या ट्रकमध्ये मागे बसून समुद्र बघायला गेलो होतो. ट्रक भट्टीवर गेला.) तेव्हा मी दीड निवडलं, खाली येणारा डबा झेलायला सोपा. काकांना सांगितलं, दीड सेकंद होईपर्यंत हात मागे ठेवा.

डबा अर्ध्या सेकंदाला त्यांच्या नाकासमोरून वर गेला. साडेचार मीटरवर पत्र्याचं छप्पर होतं. समीकरणात ते नव्हतं. झाकण एकीकडे गेलं, रंग सगळीकडे. दीड सेकंद होताच काकांनी बरोबर हात पुढे केले. हात रिकामे होते, पण वेळ अचूक होती.

मग ते म्हणाले, "तुझ्या मामाने हेच शिकवलं का रे?" तुमच्या शिकवण्यात काडीचीही खोट नाही, हे मी भर रस्त्यात ठणकावून सांगितलं.

आपला आज्ञाधारक,
भाचा

ता. क. : काकांचं म्हणणं असं, की दोन्ही उत्तरं प्रत्यक्ष जागेवर ताडून बघायची, हे तुम्ही शिकवलं असेल तर चूक माझी आणि मी निघायचं, शिकवलं नसेल तर चूक तुमची आणि मी राहायचं. तरी शिकवलं नाही, अशा दोन ओळी सहीनिशी सोमवारच्या आत पाठवाव्यात.

आणखी ता. क. : शिडी नव्हती का, असं मामी विचारतील. होती. गणित करायला मी तिच्यावरच बसलो होतो.