एका श्वासातलं मंगलाष्टक

॥ श्री ॥
नुंगंबाक्कम, चेन्नई
८ मे २०२५

चि. कनकास,
अ. उ. आ. वि. वि.

आज पहाटे एक आवाज आठवला. तंजावूरच्या आपल्या शाळेत कविता सुरू होण्याआधी सगळा वर्ग एकदम श्वास आत ओढायचा, तो आवाज. खिडकीबाहेरच्या चिंचेतून वारा जावा तसा. अमरसिंह मास्तरांचा नियमच होता की श्लोक एका श्वासात, मध्ये दम घेतला तर पुन्हा पहिल्यापासून. तू माझ्या डावीकडे बसायचीस आणि हमखास तिसऱ्या ओळीत बुडायचीस.

तुझ्या नातीच्या, हरिणीच्या, लग्नाची मंगलाष्टकं मी म्हणावीत असा हुकूम पोचला. घरातलं एकही लग्न माझ्या आवाजाशिवाय लागलेलं नाही, हे खरं. पण माझा मायस्थेनिया तुला ठाऊक आहे. स्नायू सकाळी कामावर येतात आणि दुपारी संपावर जातात. पापणी मिटते, जीभ जड होते. गोळ्या अशा की त्या आजाराबरोबर माझी प्रतिकारशक्तीही झोपवतात. डॉक्टरीणबाई म्हणतात, कोरोना अजून आहे; इतरांचं त्यात नाक वाहील, तुमचे श्वासाचे स्नायूच थकतील आणि खोकून कफ काढायचीही ताकद राहणार नाही. बोटाला लावायच्या ऑक्सिजनच्या यंत्रावर विसंबू नका, ते शेवटपर्यंत सगळं छान दाखवतं. त्यापेक्षा रोज सकाळी एका श्वासात आकडे मोजा, आणि कमी भरले तर तडक या.

आता आकडे काय मोजायचे? मी काय रेशन दुकानदार आहे? मी त्याऐवजी हरिणीसाठी रचलेली ओळ म्हणतो:

कावेरीतट सोडुनी हरिणि ही, चाले पतीमंदिरी

अशा चारही ओळी एका श्वासात होतात. तेव्हा येईन, पण मास्क लावून. कार्यालयाच्या खिडक्या उघड्या ठेवायला सांग. फोन करू नकोस. मला बोलवत नाही, तुला ऐकू येत नाही. आपल्या दोघांसाठीच टपालखातं चालू आहे.

तुझा,
सेतुमाधव

---

॥ श्री ॥
तंजावूर
१३ मे २०२५

ती. अण्णास,
कनकाचा सा. न. वि. वि.

पत्र पावलं. कोरोना अजून आहे ही बातमी तुझ्यामुळे कळली. इथे तर तो केव्हाच गेला असं सगळे समजून चालले आहेत, बिचारे. समोरच्या अन्नपूर्णाबाईंना सांगितलं की अण्णा मास्क लावून मंगलाष्टकं म्हणणार, तर त्या इतक्या हसल्या की त्यांना पानाचा ठसका लागला. वऱ्हाडी पुण्याचे आहेत. त्यांना वाटेल, नवरीच्या आजीचा भाऊ दागिने लुटायला आलाय.

विजयेंद्र म्हणतो, टी. नगरचं कार्यालय पूर्ण एसी आहे, खिडक्या उघडतच नाहीत. आणि मामा उगाच घाबरतो, लग्न एकदाच होतं. माझा मुलगा असला तरी हे बोलताना त्याचा चेहरा मोठा शहाणा दिसत होता.

कविता छान. फक्त हरिणी जन्मली चेन्नईत, एग्मोरला. कावेरीत पाणी असताना तिने ती पाहिली असेल असं वाटत नाही. आणि पतीमंदिर म्हणजे वेळचेरीतला चौदाव्या मजल्यावरचा फ्लॅट. बसव तो वृत्तात.

आणि एका श्वासाच्या बढाया मला नको सांगूस. मी तिसऱ्या ओळीत बुडायचे कारण मी खरोखर एका श्वासात म्हणायचे. तू ‘हरिणि ही’सारख्या ठिकाणी, ओळीत थांबायची जागा असते ना, तिथे डावा खांदा इवलासा उचलून श्वास चोरायचास. मास्तर उजवीकडे उभे असत. मी डावीकडे होते. चिंचेच्या अर्ध्या वाट्यावर गप्प बसले, एवढंच.

बाकी क्षेम. मास्कला जरीची किनार तरी लावून घे, लग्नात शोभेल. तुझ्याशिवाय अक्षता कोणाच्या आवाजावर टाकायच्या, ते मात्र कळव. थट्टा बाजूला, मला तू तिथे हवा आहेस.

तुझी,
कनका

---

॥ श्री ॥
नुंगंबाक्कम, चेन्नई
१९ मे २०२५

चि. कनकास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझा शहाणा मुलगा गुरुवारी आमंत्रण द्यायला आला होता. मी दारातच मास्क पुढे केला, तर त्याने तो शर्टाच्या खिशात ठेवला, रुमालासारखा. मग मिठी मारली. मग खोकला. ऑफिसच्या एसीचा खोकला आहे म्हणाला. तासभर बसून त्याने मला समजावलं की भीती हाच खरा आजार असतो. प्रत्येक वाक्याला पुरावा म्हणून एकदा खोकला.

शनिवारी त्याचा निरोप आला की मामा, काळजी करू नको, माझी चाचणी पॉझिटिव्ह आहे, पण अगदी सौम्य. मी खरंच काळजी केली नाही. सौम्यपणा आमच्या घराण्यात कोणालाच झेपलेला नाही, हे मला ठाऊक आहे.

तुझ्या सुनेनेही प्रेमाने गोळ्यांचं एक पाकीट कुरिअरने पाठवलं. याने यांना दोन दिवसांत बरं वाटलं, तुम्हीही घ्या. डॉक्टरीणबाईंना नाव वाचून दाखवलं, तर त्या फोनवरच किंचाळल्या. ते प्रतिजैविक माझ्या आजारात स्नायू आणखी ढिले करतं. तुमच्या घरून अहेर बाकी भारी येतात.

काल माझीही चाचणी झाली. दोन रेघा उमटल्या, वृत्तात दोन गुरू मांडावेत तशा सुरेख, शेजारी शेजारी. कोरोनाचं औषध डॉक्टरीणबाईंनी लगेच सुरू केलं, नेहमीच्या गोळ्या मनाने बंद करू नका म्हणाल्या आणि विचारलं, एका श्वासात किती होतं? मी अभिमानाने सांगितलं की पूर्ण श्लोक. त्यांना मराठी येत नाही, पण श्लोक म्हणजे मोठाच असणार म्हणून त्यांचं समाधान झालं. श्वास कमी झाला तर रात्र असो दिवस असो, दाखल व्हा म्हणाल्या.

आणि तू ज्याला चोरी म्हणतेस त्याला यती म्हणतात. ओळीत विसावा घेण्याची ती शास्त्राने दिलेली जागा आहे. चिंच खाऊन साक्ष देणारीने शास्त्र शिकवू नये.

अरुण पुण्याहून रोज व्हिडिओवर ऑक्सिजनचा आकडा विचारतो. आकडा उत्तम आहे. मुलगा खूश, यंत्र खूश. घसा तेवढा खरखरतो. जेवणाचा डबा खालचे शेषाद्री दारात ठेवून पळतात, जणू आत वाघ आहे.

तुझा,
सेतुमाधव

---

॥ श्री ॥
नुंगंबाक्कम, चेन्नई
२२ मे २०२५

चि. कनकास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं उत्तर आलं नाही. लग्नघरात असशील. मीच लिहितो, कारण आज काव्यशास्त्रात माझ्या हातून एक सुधारणा झाली आहे. इतकी वर्षं मी समजत होतो की या वृत्तात ओळीला एक यती पुरते. काल सकाळपासून वाटतंय, दोन हव्यात. ‘कावेरीतट’ म्हटल्यावर जरा थांबलं की नदी डोळ्यांपुढे येते. आज सकाळी तर ‘कावेरी’ एवढ्यावरच थांबलो, तीही सुंदर दिसली. श्लोक पूर्ण झाला, हे सांगायला नको.

बाकी किरकोळ. रसम गिळताना थोडं नाकातून परत आलं, शेषाद्रींच्या घरचं तिखट सोसलं नसेल. मान सारखी पुढे पडते, म्हणून हनुवटीला हाताचा टेकू देऊन बसतो. अरुण म्हणाला, बाबा, आज मोठे विचारवंत दिसताय. आडवं पडलं की छातीवर कोणी बसल्यासारखं होतं, तेव्हा आरामखुर्चीतच झोपतो. जुन्या कविता तिथे जास्त आठवतात. अमरसिंह मास्तरही काल तिथे येऊन बसले होते. या वेळी ते डावीकडे बसले होते.

हरिणीला सांग, आवाज

थांब. बेल वाजली. शेषाद्री बेल वाजवत नाहीत.

जाळीच्या दाराबाहेर दोन कनका उभ्या आहेत. मला एकेकाची दोन माणसं दिसतात हल्ली, पण तू एकच सोसायला कठीण. आणि मास्क! नाकावर घट्ट, जरीविना. लग्नघर सोडून, रात्रीच्या गाडीने एग्मोरला उतरलीस आणि पिशवीसुद्धा खाली ठेवत नाहीस. मी म्हणालो ते तुला ऐकू येत नाही, माझा आवाज मलाही येत नाही. म्हणून या कागदावरच उत्तर देतो. हा जाळीतून तुला मिळेल.

तू ओरडून सांगते आहेस की मागच्या पत्रात ‘पूर्ण श्लोक’ वाचताच तुला माझा श्वास चोरणारा डावा खांदा दिसला. श्लोक नको, आकडे मोज. बोटं जाळीतून आत घालून, माझ्या खांद्यावर डोळे रोखून उभी आहेस. बरं, मोजतो.

मोजले. आकड्यांत यती नसते, कनका. खांदा न उचलता सहापर्यंतच गेलो.

मी बोटांवर दाखवलेले सहा तू पाहिलेस आणि हसली नाहीस, ते मला आवडलं नाही. खाली रिक्षा थांबवून ठेवली आहेस म्हणतेस आणि डॉक्टरीणबाईंना विजयेंद्रने फोन केला आहे, पलंग तयार आहे. म्हणजे त्याचा खोकला वाया गेला नाही. गोळ्यांची पिशवी घेतो. सुनेचं पाकीट इथेच राहू दे. मंगलाष्टकं तूच म्हण, तिसऱ्या ओळीत बुडालीस तरी चालेल, मी तिकडून ऐकेन.

लोभ असावा असं खाली लिहिणार होतो. तो तर जाळी हलवत, कडी काढ म्हणून ओरडतो आहे. काढतो.

तुझा,
अण्णा