कोवळा आवाज

वच्छलाअक्का,

तुमच्या हळदीच्या गाण्यांसाठी माझ्या धुळ्याच्या कॅसेट कंपनीला छोट्या कंपन्यांचा पुरस्कार मिळाला. परीक्षक म्हणाले, "काय कोवळा आवाज!"

कोवळा कसला! तुम्ही चाळिशीच्या, आवाज जाड. सगळी गाणी एका बाजूला मावेनात, म्हणून मीच टेपचा वेग वाढवला आणि आवाज बारीक झाला. कॅसेट ऐकून तुम्ही एवढंच म्हणालात, "भाऊ, हाऊ मना आवाज नही." पुन्हा गायला आला नाहीत. वर्षभरात वारलात.

काल पाचोऱ्याला तुमच्या ज्योतीकडे गेलो. तुम्ही गेलात तेव्हा ती तीन वर्षांची होती. गाणं ऐकून रडली. म्हणाली, "नाना, आईचा आवाज असा होता?"

मी हो म्हणालो.

तोंड दाखवायला जागा नसलेला,
पुना कॅसेटवाला