चवीचा डबा

३ ऑगस्ट

काय गं वहीबाई, विसरलीस ना मला? चार दिवस तुला उघडलं नाही तर अशी बघतेस, जशी आपली ओळखच नाही! तुझा तरी काय दोष म्हणा. मी बोलते ते तुझ्यात लिहिणारी माझी नात डोक्यावरचा चष्मा घरभर शोधत फिरते. (हे पण लिही गं. गाळू नकोस. मला वाचता येत नसलं तरी ओळी मोजता येतात.)

तर आजचं. आमच्या ‘हातभार’च्या बायका सकाळी माझ्या स्वयंपाकघरात जमल्या. एकवीस जणी आम्ही. प्रत्येकीनं घरचं थोडं जास्तीचं रांधून आणायचं, माझ्या ओट्यावर डबे भरायचे आणि आसपासच्या आजारी, एकट्या माणसांना पोचवायचे. हे सगळं सुरू केलं मी आणि शिंपीणबाईनं, तीस वर्षांपूर्वी. आणि आज तीच आली नाही.

मी तिच्या दुकानात गेले. शिलाई चालू होती, पण पाय मशीनवर कसेबसे हलत होते. डॉक्टरांनी पोटाचं ऑपरेशन सांगितलंय. पण अंगात रक्तच नाही! नीट खाल्लं, रक्त वाढलं, तरच करणार. उशीर झाला तर अवघड आहे म्हणाले.

“मग खात का नाहीस?”

“एकटीसाठी काय रांधायचं?”

“उद्यापासून आपला डबा येईल.”

दोरा दातानं तोडला तिनं. “मी डबे देणारी आहे. घेणारी नाही.” आणि पुन्हा घर्रर्र!

५ ऑगस्ट

सुचलं!

तिला म्हटलं, “अगं, आपल्या बायकांच्या हाताची चव गेलीय. कुणाचं खारट, कुणाचं अळणी. आजाऱ्यांच्या तोंडी कसं घालायचं? तुझ्या जिभेशिवाय भरवसा नाही मला. रोज चवीला पाठवते, काय चुकलं ते कळव.”

तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मी छताकडे.

“चवीला म्हणतेस, तर पाठव.”

६ ऑगस्ट

डबा रिकामा आला. निरोप – मीठ कमी.

११ ऑगस्ट

आजचा निरोप – सूप आहे की भांडी धुतलेलं पाणी? आणि ही गाजरं सुतारानं कापली का?

बायका फुगून बसल्या. गाजरं बँकवाल्या वहिनींनी कापली होती, त्या तर तासभर बोलल्या नाहीत. मला मात्र आनंद! जो भांडतो तो जेवलेला असतो. चवीचा डबा आता चार पुडांचा झालाय. कुणी विचारत नाही. सगळ्यांना ठाऊक आहे, सगळ्या गप्प आहेत. एकवीस बायका आणि एक गुपित – कधी ऐकलं होतंस, वहीबाई?

१९ ऑगस्ट

रक्त थोडं वाढलं! डॉक्टर म्हणाले, असंच चालू ठेवा.

आणखी एक. बँकवाल्या वहिनी निवृत्त झाल्यापासून त्यांचे हात शिवशिवतात. आज प्रत्येक डब्यावर चिकटवायला छापील चिठ्ठ्या घेऊन आल्या. “वाचून बघा ना, बरोबर आहे का?” मी चिठ्ठी लांब धरली, जवळ धरली, मान डोलावली. “सुरेख.” मला अक्षर येत नाही हे त्या घोळक्यात कुणालाच माहीत नाही. आजवर निभावलंय, पुढेही निभावेन.

शिंपीणबाईच्या डब्याला एका बाजूनं पोचा आलाय. तिथं बरोब्बर बसली चिठ्ठी. डबा कसा नवा दिसायला लागला!

२० ऑगस्ट

डबा परत आला. भरलेला.

निरोप – “तुमचा डबा तुम्हालाच लखलाभ.”

तुम्ही! तीस वर्षं अगं-तुगं, आणि आज मी ‘तुम्ही’ झाले!

नातीला चिठ्ठी वाचायला लावली. ती वाचेना. दटावलं तेव्हा हळूच म्हणाली, “लाभार्थी, आजी.”

“म्हणजे?”

“म्हणजे... मदत घेणारी व्यक्ती.”

घेणारी! आणि मी त्यालाच ‘सुरेख’ म्हटलं होतं.

२१ ऑगस्ट

गेले. दार उघडलं नाही. आत मशीन चालू होतं.

२२ ऑगस्ट

आज मशीनही बंद.

२४ ऑगस्ट

आज दारात ठाण मांडून बसले. म्हटलं, उघडशील नाहीतर मला ओलांडून जाशील! अर्ध्या तासानं कडी वाजली. चेहरा असा उतरला होता पोरीचा... पोरगी कसली, माझ्याएवढीच आहे. पण मला पोरगीच वाटली.

“मला का कळत नव्हतं?” ती म्हणाली. “चवीला कुणी पातेलंभर पाठवतं? मी लहान बाळ आहे? पण तुम्ही बोलला नाहीत, म्हणून मी रोज चव घेत होते. शेवटी छापूनच पाठवलंत ना?”

काय सांगणार? चुकून लागली? कोण विश्वास ठेवील! त्या चिठ्ठ्या मी स्वतः हातात धरून ‘सुरेख’ म्हटलेल्या, हे बायकांकडून तिला कळलेलं होतं. तिला घेणं जसं जड जात होतं, तसंच आता मला सांगणं जड. पण तिच्या मनगटाकडे पाहिलं – बांगडी कोपरापर्यंत सरकत होती.

“मला वाचता येत नाही,” मी म्हटलं. “कधीच येत नव्हतं.”

ती म्हणाली, “अगं, म्हणजे मीटिंगमध्ये कागद उलटा धरायचीस तो...”

“उलटा धरायचे?”

“नेहमी! मला वाटायचं, तुला विषय पटला नाही की मुद्दाम धरतेस! एकदा तर तुझा कागद बघून मी विरोधात बोलले होते!”

हसलो दोघी. हसता हसता ती रडायला लागली, आणि मग मीही. रडणं माझ्याकडे तसं कमीच असतं, पण आज होतं नव्हतं तेवढं काढलं. मग तिला दूध गरम करून दिलं. प्यायली. चवीचं नाव तिनं काढलं नाही, मीही नाही.

२५ ऑगस्ट

बायकांना सांगून टाकलं. बँकवाल्या वहिनी माझ्याहून जास्त लाजल्या. चिठ्ठ्या सगळ्या काढल्या, त्यांनी स्वतः नखांनी खरवडून. डबा गेला. रिकामा आला.

१६ सप्टेंबर

(आजी दवाखान्यातून फोनवर सांगतेय, मी लिहितेय.)

रक्त पुरेसं झालं. उद्या सकाळी ऑपरेशन. नर्सनं कागद आणला – जवळच्या नातेवाइकाची सही हवी. “कोण तुम्ही यांच्या?” मी तोंड उघडायच्या आत शिंपीणबाई कॉटवरून म्हणाली, “बहीण आहे माझी. शाई आणा, ती अंगठा देते.” सगळ्या वॉर्डासमोर दिला!

मी इथंच राहणार. बायकांना सांग, डबा दोघींचा पाठवा. तिचं सूप डॉक्टर म्हणतील तेव्हापासून, गाळून, बिनमिठाचं. माझा भात मऊ, सोबत उकडलेला बटाटा. आणि कमी पाठवू नका – घेणाऱ्या आम्ही आहोत, लाजायचं तुम्हाला कारण नाही.