मधाच्या दारूचे तापमान

पाली, ३ जानेवारी १९३७
नव्या वर्षाचा संकल्प: भोरला बदली. सौ. पाच महिने भोरला माहेरी आहे. म्हणते, आधी बदली करून घ्या, मग नांदायला येते. स्वभाव जरा घाईचा. बदली शाळा-तपासनीस साहेबांच्या हातात आणि साहेब 'घेतात' असे खात्रीलायक कळते. इंग्रजी पुस्तकात मधापासून दारू करण्याची कृती सापडली आहे. तपासणी १२ फेब्रुवारीला. वेळ भरपूर.

५ जानेवारी
कोंडिबा धनगराने कड्यावरचा मध आणून दिला. मध, पाणी, मोहाची सुकी फुले. मडक्याला फडके बांधले. पुस्तक म्हणते, सगळे यश टेम्परेचरवर. पंच्याहत्तरच्या वर जाता कामा नये. थर्मामीटर आहे. परवा मला ताप होता तेव्हा वेल्ह्याचे कंपाउंडर आनंदराव यांनी दिलेला. त्यावरचे आकडे पंच्याण्णवपासून सुरू होतात, पण पारा त्याच्याही खाली गेला की कळेलच.

६ जानेवारी, सकाळी ७
एकशे एक! फारच जोमात आंबते आहे. ओले गोणपाट गुंडाळले.

९ जानेवारी
एकशे एक. मडके मागच्या पडवीत, वाऱ्याला.

१५ जानेवारी
एकशे एक. गोणपाट दिवसातून तीनदा भिजवतो. मला सर्दी. कोंडिबाने मडक्याला हात लावला. म्हणाला, "मास्तर, ह्ये लई गार पडलंय. उकिरड्यात पुरा, उबंला. आमी तसंच करतो." त्याला थर्मामीटर दाखवला. म्हणाला, व्हय, पण हाताला गार लागतंय न्हवं! शास्त्र पटवणे कठीण.

२८ जानेवारी
फेस नाही. वास नाही. उंची दारूला फेस येत नसावा. सौ.ला कळवले, सामान बांधायला हरकत नाही.

११ फेब्रुवारी
आनंदराव थर्मामीटर न्यायला आले. म्हणाले, दर वेळी झटकावा लागतो, नाहीतर पारा उतरत नाही. म्हणजे ते एकशे एक माझ्याच तापाचे. महिनाभर मी मडके गारठवत बसलो. चुलीशेजारी आणून ठेवले आहे. एका दिवसात आंबेल. आंबायलाच हवे.

१२ फेब्रुवारी
साहेबांनी पेला तोंडाला लावला. माझ्याकडे पाहिले. म्हणाले, मधाचे सरबत वाटते? मग म्हणाले, दुसरे काही? दुसरे काही नव्हते. शेरेबुकात लिहून गेले: 'शिक्षक साधे व निर्व्यसनी. खेड्यातील मुलांपुढे असाच आदर्श हवा. पालीतच कायम ठेवावे.' इतका चांगला शेरा या शाळेत आजवर कोणाला मिळालेला नाही.

२० फेब्रुवारी
सौ.चे पत्र. शेऱ्याबद्दल अवाक्षर नाही. एवढेच, की माझी ट्रंक कोणाबरोबर तरी पाठवून द्या. 'कोणाबरोबर तरी' हे तीनदा वाचले.

२१ फेब्रुवारी
ट्रंक भरली. लुगड्यांच्या घड्या मला जमत नाहीत. फार वाईट वाटले. कोंडिबा भोरला निघाला होता, त्याच्या घोड्यावर लादली. त्याने विचारले, "वैनीस्नी काय निरोप सांगू?" ट्रंकेवरची दोरी पुन्हा आवळली. शेवटी म्हणालो, जपून ने, ट्रंकेची कडी नीट लागत नाही.