पाठमोरा श्रोता

प्रिय धाकट्या,

साठी उलटली, डोक्यावरचे केस गेले, तरी माझ्यासाठी तू धाकटाच. तुझ्या चाहत्यांच्या मेळाव्याला जाऊन आले. स्वतः जायचं टाळून तू मला पुढे केलंस, तेव्हाच ओळखलं की तुला त्यांची खुशाली नको आहे, निकाल हवा आहे. आयोजकांनी निरोपाच्या कार्यक्रमाचा घाट घातलाय. तू स्टेडियमच्या मधोमध आवाज बंद केलेली गिटार गळ्यात अडकवून उभं राहायचं, आणि तुझी शिष्या पडद्याआड बसून वाजवणार. तुझ्या डाव्या हाताची दोन बोटं आता मिटत नाहीत हे तू, मी, ती आणि आयोजक सोडून कुणाला ठाऊक नाही आणि कळणारही नाही, असं त्यांचं म्हणणं. फोनवर तू म्हणालास, ताई, तू सांगशील तसं करीन. असं तू जन्मात कधी म्हणाला नव्हतास, म्हणून मी जरा घाबरलेच.

मेळावा एका शाळेच्या व्यायामशाळेत होता. घडीच्या खुर्च्या, भिंतीवर तुझी जुनी पोस्टरं, आणि पोटावर ताणलेले काळे टीशर्ट घातलेली पोक्त माणसं. जन्मभर चष्म्याचं दुकान चालवल्यामुळे मी आधी लोकांची नाकं बघते. निम्म्या लोकांचे नंबर वाढलेत आणि ते कबूल करत नाहीत. एक बेकरीवाले उठून म्हणाले, त्या पहिल्या मोठ्या कार्यक्रमाला धो धो पाऊस होता, तरी एक माणूस हलला नाही. त्यांच्या शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छे, थेंबही नव्हता, आम्ही घामाने भिजलो होतो. दोघंही तिथे होते आणि दोघंही खरं बोलत होते. वीज गेली तेव्हा तू अंधारात दहा मिनिटं वाजवत राहिलास, हे मात्र सगळ्यांना आठवतं, अगदी शेवटच्या रांगेतल्यांनाही. विजेची गिटार विजेविना शेवटच्या रांगेपर्यंत कशी पोचली, हे कुणी विचारलं नाही. मीही गप्प बसले. ऐकणाऱ्याने इतकं ठरवूनच टाकलं असेल, तर मध्ये बोलणारी मी कोण?

मला आपलं घर आठवत होतं. तू बाथरूममध्ये सराव करायचास, तिथे आवाज घुमतो म्हणून. बाबा खांद्यावर टॉवेल टाकून दारावर धपाधप मारायचे आणि आई म्हणायची, होऊ दे हो त्याचं, तुम्हाला काय राज्य चालवायला जायचंय? पुढे तू लग्नाच्या हॉलमध्ये वाजवलंस, वाद्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांना गिटारी वाजवून दाखवल्यास, आणि एकदम स्टेडियम. बाबा एकदाच आले. इतकी माणसं, इतका गजर, आणि परतताना त्यांनी एवढंच विचारलं की एवढं मैदान मागाहून झाडतं कोण. तू फार दुखावलास. पण त्या दिवसापासून आपल्या चष्म्याच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगायचे की तो आमचाच. मलाही तुझा फार अभिमान वाटायचा, अजून वाटतो. आपल्याकडे असलं कुणी बोलून दाखवत नाही, म्हणून लिहितेय.

खरं सांगायचं तर आयोजकांना हो म्हण, हेच कळवायचं मी ठरवलं होतं. बाकी सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं तेवढं येत नाही म्हणतात. मग दोन तास गिटारीचं सोंग आणलं तर कुणाचं काय बिघडतंय, असा माझा हिशेब.

मग शेवटच्या खुर्चीवरचा एक धिप्पाड गृहस्थ माझ्याकडे आला. चष्म्याची दांडी वाकडी झाली होती, ती मी तिथेच सरळ करून दिली, म्हणून बोलता झाला. स्टेडियममध्ये रखवालदार होता, आता निवृत्त झालाय. स्टेजसमोरच्या कठड्यापाशी त्याची ड्युटी असायची. तोंड गर्दीकडे, पाठ स्टेजकडे, आणि काही झालं तरी वळायचं नाही, हा नियम. तुझे तिथले सगळे कार्यक्रम त्याने असे पाहिले, म्हणजे पाहिलेच नाहीत. तुला वाजवताना त्याने एकदाही बघितलेलं नाही. पण कोणतं गाणं येणार हे त्याला आधी कळायचं, लोकांच्या चेहऱ्यांवरून. ते संथ गाणं यायच्या आधी अनोळखी माणसंसुद्धा सरकून एकमेकांना जागा द्यायची, असं तो म्हणाला. तुझ्या बोटांबद्दल लोक काय काय बोलतात ते त्याने आयुष्यभर ऐकलं. या निरोपाच्या कार्यक्रमाला त्याने पहिल्या रांगेचं तिकीट काढलंय, तेवढा हात एकदा नीट बघायला.

मी त्याला जिन्यात नेलं आणि सगळं सांगून टाकलं. त्यासाठीच हे पत्र. बाहेरून तुझ्या कानावर येण्याआधी माझ्याकडून यावं. मला ते जमेना रे. इतकी वर्षं पाठ करून उभ्या राहिलेल्या माणसाला शेवटी वळायला सांगायचं आणि खोटा हात दाखवायचा.  त्याने एवढंच विचारलं, मग वाजवणार कोण? तुझ्या शिष्येबद्दल सांगितलं. तो म्हणाला, मग त्या बाईंना पुढे आणा की, वाजवणाऱ्याकडे कुणी बघायला नको? तुझ्यावर रागावला नाही, कुणाला सांगणारही नाही. तेव्हा माझा निकाल ऐक: सोंग नको. लोकांना स्पष्ट सांग आणि तिला उजेडात बसव. आयोजक आदळआपट करतील, त्यांना माझ्याकडे पाठव. त्या रखवालदाराच्या बायकोला गोंगाट सोसत नाही, म्हणून पहिल्या रांगेतली त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे. साहेब बसतील का, असं त्याने बिचकतच विचारलंय. तुझा कार्यक्रम समोरून कसा दिसतो, हे तुलाही माहीत नाही आणि त्यालाही नाही. दोघं मिळून बघा.

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
ताई